कानाला मानवेल असे श्रवणयंत्र

श्रवणयंत्र कानात घालताच आवाज मोठा येतो, पण तेवढ्यावरून ते कानाला मानवले असे म्हणता येत नाही. मानवलेल्या यंत्रातून हळू बोललेले ऐकू येते, नेहमीच्या पट्टीतले बोलणे स्पष्ट आणि सुखाचे वाटते, आणि कुकरची शिट्टी किंवा स्टीलचे पातेले पडल्याचा आवाज मोठा वाटला तरी असह्य होत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी आणि प्रत्येक कानासाठी वेगळ्या साधाव्या लागतात. घरोघरी कपाटात, डबीत पडून राहिलेल्या यंत्रांपैकी पुष्कळशी चालू स्थितीत असतात. त्या माणसाच्या कानाप्रमाणे ती कधी नीट लावलीच गेलेली नसतात.

यंत्राचा विचार करण्याआधी कान तपासून घ्यायचा असतो. मळ घट्ट बसला, पडद्याला छिद्र पडले, मध्यकर्णात पाणी साठले किंवा तिथल्या तीन हाडांपैकी रिकीब ताठरले, तर ध्वनी आतल्या कानापर्यंत पुरेसा पोचत नाही. हा दोष औषधाने किंवा शस्त्रक्रियेने बरेचदा सुधारतो. आंतरकर्णातल्या केसपेशी किंवा श्रवणाची नस यांची हानी झाली असेल, तर गेलेले ऐकणे सहसा परत येत नाही आणि तिथे यंत्राचे काम सुरू होते. वयोमानाने येणारा बहिरेपणा याच प्रकारातला. एकाच कानाने कमी ऐकू येणे, कान वाहणे, दुखणे किंवा चक्कर येणे अशी लक्षणे असतील तर दुकानाची पायरी चढण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवणे आवश्यक आहे. चांगले ऐकू येणारा कान अचानक, एकदोन दिवसांत बसला तर ती तातडीची बाब समजावी. अशा रुग्णावर पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू झाले तर ऐकणे परतण्याची शक्यता अधिक असते. ‘सर्दीने कान बसला असेल’ म्हणून आठवडे घालवणे महागात पडते.

त्यानंतरची तपासणी बंद, ध्वनिरोधक खोलीत होते. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतचे शुद्ध स्वर ऐकवून प्रत्येक स्वर किती डेसिबलला जेमतेम ऐकू येतो ते आलेखावर मांडतात. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितका दोष अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील वर्गवारीप्रमाणे चांगल्या कानाची सरासरी २० ते ३५ डेसिबल असेल तर दोष सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र, ६५ ते ८० तीव्र आणि ८० ते ९५ अतितीव्र धरतात. या नावांना उपयोग आहे, पण सरासरीचा एक आकडा बरेच काही झाकून ठेवतो.

सत्तरीतल्या माणसाचा अगदी नेहमी दिसणारा आलेख घ्यावा. ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ५० आणि ४००० ला ६५. सरासरी निघते साडेबेचाळीस, म्हणजे ‘मध्यम’. प्रत्यक्षात हा माणूस खालच्या स्वरांत जवळपास सगळे ऐकतो आणि वरच्या स्वरांत फारच थोडे. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस असतात आणि त्यांची शक्ती खालच्या पट्टीत असते. ते त्याला मिळतात. स, श, फ, थ ही व्यंजने मुळातच हलकी आणि त्यांची शक्ती वरच्या पट्टीत, ती निसटतात. मग साठ, आठ आणि पाठ यांत फरक उरत नाही. ताक, ताप आणि ताट एकसारखेच ऐकू येतात. ‘ऐकू येतं, पण बोलणं कळत नाही’ ही तक्रार इथून येते. ती बहाणा नव्हे, आलेखात लिहिलेली वस्तुस्थिती आहे. घरातले लोक आवाज चढवतात, पण ओरडल्याने मुख्यतः स्वर मोठे होतात, व्यंजनांच्या वाट्याला थोडीच वाढ येते. अशा कानाला खालच्या पट्टीत वाढ जवळजवळ नको असते आणि वरच्या पट्टीत पुष्कळ हवी असते. शेजाऱ्यांचे यंत्र लावून बघितले आणि जमले नाही, यात म्हणूनच नवल नाही.

दुसरी अडचण आंतरकर्णाच्या रचनेतली आहे. प्रत्येक कानात सुमारे १२,००० बाह्य केसपेशी असतात आणि हलके ध्वनी वाढवून पुढे देणे हे त्यांचे काम. त्या गेल्या की हलका आवाज हरवतो, मोठा आवाज मात्र पूर्वीइतकाच मोठा लागतो. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणे आणि असह्य होणे यांत सुमारे १०० डेसिबलचे अंतर असते. ६० डेसिबलला ऐकायला सुरुवात करणाऱ्या कानात ते ४० च्या आसपास उरते. जगातले सगळे आवाज या अरुंद पट्ट्यात बसवायचे असतात. म्हणून आजची डिजिटल यंत्रे हलक्या आवाजाला जास्त आणि मोठ्या आवाजाला कमी वाढ देतात. खिशात पेटी आणि कानापर्यंत वायर अशा जुन्या यंत्रांपैकी बहुतेकांत ही सोय नव्हती. सगळेच सारखे वाढायचे. ‘डोक्यात घण बसतात’ म्हणून ती काढून ठेवणाऱ्या पिढीची तक्रार खरी होती. कोणत्या पातळीला आवाज नकोसा होतो हे मोजणारी चाचणी दहा मिनिटांची आहे आणि ती न करता यंत्र बसवणे चूक आहे.

शुद्ध स्वरांबरोबर शब्दांचीही चाचणी व्हावी लागते, आणि ती रुग्णाच्या भाषेत. पुरेशा मोठ्या आवाजात सांगितलेले शब्द ऐकून माणूस ते परत म्हणतो. शंभरातले नव्वद बरोबर आले तर यंत्राचा लाभ चांगला होणार असा अंदाज बांधता येतो. पुरेसा आवाज देऊनही चाळीसच बरोबर येत असतील, तर कान मोठे झालेले शब्दही विकृत करून पुढे पाठवतो आहे असा अर्थ होतो. अशा माणसाला यंत्रासोबत ओठ वाचण्याचा सराव आणि घरातल्यांची साथ लागेल, हे पैसे भरण्याआधी त्याला स्वच्छ सांगायला हवे. साताऱ्याच्या खेड्यातल्या आजीला हिंदी किंवा इंग्रजी शब्द ऐकवून काढलेले गुण तिच्या कानाविषयी काही सांगत नाहीत.

आता गरजांचा भाग. ऑस्ट्रेलियातील नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीज (एनएएल) या संस्थेने १९९० च्या दशकात एक साधी प्रश्नावली प्रचारात आणली. रुग्णाने स्वतःच, ज्या प्रसंगी ऐकू यावेसे वाटते असे जास्तीत जास्त पाच प्रसंग महत्त्वाच्या क्रमाने सांगायचे; काही आठवड्यांनी प्रत्येक प्रसंगात किती फरक पडला ते नोंदवायचे. ही पद्धत जगभर टिकली, कारण तीत यंत्राला गुण न देता माणसाच्या दिवसाला गुण दिले जातात. प्रसंग नेमके असावेत. ‘टीव्ही नीट ऐकू यावा’ यापेक्षा ‘घरातल्यांना चालेल इतक्या आवाजात रात्रीच्या बातम्या कळाव्यात’ हे उपयोगी. जेवताना नातीचे बोलणे, बँकेत काचेपलीकडच्या माणसाचे उत्तर, देवळात मागे बसून कीर्तन, परदेशातल्या मुलाचा फोन, अशी यादी हातात असली की तज्ज्ञाला यंत्रात काय लागेल ते ठरवता येते. फोन महत्त्वाचा असेल तर मोबाइलशी ब्लूटूथने जोडले जाणारे यंत्र घेण्यात अर्थ आहे. दिवसभर घरात एकदोन माणसांशीच बोलणे होत असेल, तर महागड्या यंत्रातल्या अर्ध्या सोयी वापरल्याच जाणार नाहीत. मंडईत गाळा चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी. गर्दीत ऐकण्याच्या सोयीवर त्याने जास्त खर्च केला तर तो वाया जात नाही. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेली चॅनेलची (ध्वनिपट्ट्यांची) संख्या मात्र या यादीतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही.

यंत्राचा आकारही गरजेवरून ठरतो. कानामागे बसणारी यंत्रे सौम्यपासून अतितीव्र दोषापर्यंत चालतात. ज्यांत स्पीकर पातळ तारेच्या टोकाला कानात बसतो ती वयस्करांत पुष्कळ वापरली जातात. पूर्ण कानाच्या आत जाणारी यंत्रे दिसत नाहीत एवढाच त्यांचा मोठा गुण. त्यांची ताकद मर्यादित असते आणि मळाने ती लवकर बंद पडतात. बोटांचा विचारही करावा लागतो. पिवळ्या खुणेचा १० नंबरचा सेल गव्हाच्या दोनचार दाण्यांएवढा असतो. संधिवात झालेल्या किंवा मधुमेहाने बोटे बधिर झालेल्या माणसाला तो बदलता येत नाही. तिथे निळ्या खुणेचा ६७५ नंबरचा मोठा सेल किंवा डबीत ठेवून चार्ज होणारे यंत्र बरे. कान अधूनमधून वाहत असेल तर कान पूर्ण बंद करणारा साचा टाळतात.

कानात जाणाऱ्या टोकाकडे ग्राहकाचे लक्ष कमी जाते, पण निम्मे समाधान तिथे असते. खालच्या पट्टीत ऐकणे चांगले असेल तर छिद्रांचा, उघडा सिलिकॉनचा डोम वापरतात. नैसर्गिक आवाज तसाच आत येतो. अशा माणसाच्या कानात घट्ट साचा बसवला तर त्याला स्वतःचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा घुमतो. उलट तीव्र दोषाच्या कानात सैल डोम बसवला तर वाढवलेला आवाज बाहेर गळतो, परत मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि यंत्र शिट्टी मारू लागते. चावताना, कुशीवर झाल्यावर किंवा कुणी मिठी मारल्यावर शिट्टी वाजत असेल तर डोमचा आकार बदलणे किंवा कानाचे माप घेऊन साचा करून घेणे हा उपाय आहे. आवाज कमी करून शिट्टी थांबवली तर गरजेची वाढही जाते.

दोन्ही कानांत दोष असेल तर दोन यंत्रे लावल्याने आवाज कुठून आला हे कळते आणि गोंगाटात बोलणे वेगळे काढणे सोपे जाते. पैशांअभावी एकच घ्यायचे असेल तर कोणत्या कानाला, हे शब्दचाचणीचे गुण पाहून ठरवावे.

आता सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी: किती वाढ हवी ते ठरवणे आणि ती कानात मोजून पाहणे. सॅम्युअल लायबर्गर या अमेरिकी अभियंत्याने १९४० च्या दशकात एक ठोकताळा मांडला होता, की जितका दोष त्याच्या साधारण निम्मी वाढ द्यावी. आजची सूत्रे त्याहून पुष्कळ बारीक आहेत. ऑस्ट्रेलियातील त्याच संस्थेचे एनएएल-एनएल२ आणि कॅनडात तयार झालेले, मुलांसाठी विशेष वापरले जाणारे डीएसएल ही त्यांतली प्रमुख. आलेख, वय, यंत्राचा पूर्वीचा अनुभव हे घालून प्रत्येक स्वराला, हलक्या, मध्यम आणि मोठ्या आवाजाला किती वाढ हवी ते सूत्र सांगते. रुग्णाची भाषा चिनीसारखी सुरांवर अर्थ बदलणारी आहे का, हेही एनएएलच्या सूत्रात विचारलेले असते. मराठी तशी नाही, म्हणून तिथली निवड बरोबर झाली आहे ना ते पाहावे.

सूत्राने सांगितलेली वाढ प्रत्यक्ष पडद्यापाशी पोचते का, हा खरा प्रश्न. प्रत्येकाच्या कानाची नळी लांबी-रुंदीने वेगळी असते, त्यामुळे संगणकावर दिसणारा आलेख हा कंपनीचा अंदाज असतो. यंत्र पहिल्यांदा जोडल्यावर कंपनीचे सॉफ्टवेअर जी मांडणी करते, ती वरच्या पट्टीत सूत्रापेक्षा बरीच कमी पडते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. नेमकी तीच स, श, थ यांची पट्टी. ही मांडणी तशीच ठेवली तर यंत्र मऊ वाटते, पहिल्या दिवशी खूप आवडते आणि बोलणे मात्र पूर्वीइतकेच कळते.

म्हणून प्रत्यक्ष कानात मोजमाप करतात. मायक्रोफोनला जोडलेली एक मऊ, बारीक नळी (प्रोब) कानाच्या पडद्यापासून सुमारे ५ मिलिमीटर अंतरापर्यंत सरकवतात, तिच्यावरून यंत्र बसवतात आणि समोरच्या स्पीकरवर बोलण्यासारखा ध्वनी लावतात. त्यासाठी वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय ध्वनी सहा भाषांत बोलणाऱ्या २१ स्त्रियांच्या आवाजाचे बारीक तुकडे जोडून केलेला आहे. ऐकताना कुणीतरी बोलते आहे असे वाटते, अर्थ मात्र लागत नाही. संगणकाच्या पडद्यावर दोन रेषा दिसतात, एक सूत्राची आणि एक कानात मोजलेली. ३००० ते ४००० हर्ट्झला मोजलेली रेषा खाली राहिली तर तज्ज्ञ तिथली वाढ चढवतो आणि दोन्ही रेषा जुळवून आणतो. मग हाच ध्वनी हळू आणि मोठा लावून पाहतात, आणि शेवटी यंत्र जास्तीत जास्त किती आवाज काढते ते तपासतात. एका कानाला पंधरा-वीस मिनिटे लागतात, दुखत काहीच नाही. ‘प्रोब लावून मोजणार का?’ हा प्रश्न यंत्राची किंमत विचारण्याआधी विचारावा. मधल्या किमतीचे, मोजून लावलेले यंत्र न मोजता लावलेल्या सर्वांत महाग यंत्रापेक्षा अधिक उपयोगी पडू शकते.

यानंतरचे आठवडे घरचे. बऱ्याच वर्षांत न ऐकलेले आवाज एकदम परत येतात: पंख्याची घरघर, फ्रिज, वर्तमानपत्राची पाने, स्वतःची पावले. मेंदूने ते पुन्हा मागे सारायला काही आठवडे, कधी दोनतीन महिने लागतात आणि त्यासाठी यंत्र रोज बराच वेळ कानात असावे लागते. फक्त लग्नाला आणि पाहुणे आल्यावर घातले तर ही सवय होत नाही. यंत्र दिवसाला किती तास वापरले याची नोंद बहुतेक डिजिटल यंत्रांत आपोआप होते, तेव्हा तज्ज्ञाला खरे ते सांगावे. ‘बरोबर नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा ‘भांडी घासताना आवाज टोचतो’, ‘नातू बोलतो ते कळत नाही, मुलगा बोलतो ते कळते’ असे सांगितले तर नेमकी कोणती पट्टी बदलायची ते समजते. साचा दुखणे, कानात जखम होणे किंवा मोठा आवाज असह्य होणे या गोष्टी सवयीवर सोडू नयेत. त्या त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्याव्यात.

घरच्या घरी करता येईल अशी एक चांगली परीक्षा डॅनियल लिंग यांच्या नावाने ओळखली जाते. म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी बोलण्याची जवळजवळ सगळी पट्टी व्यापतात. घरातल्या कुणीतरी पाठीमागे, एक मीटरवर उभे राहून नेहमीच्या आवाजात, क्रम बदलत ते उच्चारावेत आणि यंत्र लावलेल्याने ऐकलेला ध्वनी परत म्हणावा. मग तीन मीटरवरून तेच करावे. ‘स’ सारखा चुकत असेल तर वरची पट्टी कमी पडते आहे. काल येणारे सगळेच आज येत नसेल तर सेल, मळ किंवा बिघाड पाहावा.

गोंगाटात ऐकणे ही सगळ्यांत अवघड परीक्षा. दोन मायक्रोफोनची यंत्रे समोरचा आवाज पुढे आणतात आणि मागचा थोडा दाबतात, म्हणून हॉटेलात किंवा कार्यालयाच्या पंगतीत गोंगाटाकडे पाठ करून बसल्याने फरक पडतो. तरी लोकलच्या डब्यात हवा तो एकच आवाज वेगळा काढून देणारे यंत्र नाही. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने घटतो. जवळ जाणे हा उपाय यंत्रातल्या बऱ्याच सोयींपेक्षा प्रभावी आहे. वर्गात, सभेत, कीर्तनात जिथे जवळ जाता येत नाही, तिथे वक्त्याच्या गळ्याशी लावायचा आणि आवाज थेट यंत्रात पाठवणारा छोटा माइक कामाला येतो.

गाणे ऐकणाऱ्या-गाणाऱ्यांनी संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम मागून घ्यावा. शिट्टी रोखणारी यंत्रणा लांबलेला एकसारखा स्वर शिट्टीच समजते, आणि तंबोरा, बासरी किंवा लावून धरलेला षड्ज यांचा आवाज थरथरतो किंवा बेसूर होतो. बोलण्यासाठी नीट जुळलेले यंत्रसुद्धा मैफलीत असे वागते. संगीताच्या प्रोग्रॅममध्ये ती यंत्रणा मंद किंवा बंद ठेवतात.

देखभाल हवामानावर अवलंबून असते. कोकणातल्या पावसाळ्यात आणि घामाच्या दिवसांत रात्री यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवावे. मळ अडवणारी जाळी वेळोवेळी बदलावी. झिंक-एअर सेलचा स्टिकर काढल्यावर तो हवा घेईपर्यंत मिनिटभर थांबून मग बसवावा. एकदा काढलेला स्टिकर परत लावून सेल फारसा वाचत नाही.

यंत्र लावणारा ऑडिओलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला असावा. मुंबईत वांद्र्याला १९८३ मध्ये स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही तपासणी आणि यंत्र या दोन्हींसाठी महत्त्वाची जागा आहे. दिव्यांगांसाठी १९८१ पासून चालणारी केंद्राची एडिप योजना आणि दारिद्र्यरेषेखालच्या किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांसाठी २०१७ पासूनची वयोश्री योजना यांतूनही यंत्रे मिळतात. शिबिरात यंत्र मिळाल्यावर साचा आणि पुढच्या जुळवणीची तारीख मागून घेणे हा लाभार्थ्याचा हक्कच समजावा. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ध्वनिवर्धक सगळेच आवाज वाढवतात आणि आलेखाप्रमाणे लावता येत नाहीत. अमेरिकेत ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम दोषाच्या प्रौढांना चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र घेता येते, आणि तिथे राहणारी मुले आईवडिलांसाठी ते घेऊन येतात. पण तिकडची काही यंत्रे ठराविक दुकानांच्या सॉफ्टवेअरलाच उघडतात. पुण्या-नाशिकचा तज्ज्ञ ती जुळवू शकेल का, हे खरेदीआधी विचारावे.

लहान मुलांची बाब निराळी आहे. जन्मानंतर महिन्याभरात चाळणी चाचणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार हा जगभर मानलेला क्रम आहे, कारण बोलण्याची भाषा ऐकूनच येते. बाळ बोलून तक्रार करू शकत नाही, म्हणून त्याच्या कानातले मोजमाप मोठ्यांहूनही आवश्यक. कान वाढतो तसा साचा दर काही महिन्यांनी नवा करावा लागतो.

मोठ्यांनी वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून यंत्र नव्या आलेखाप्रमाणे लावून घ्यावे. मोजून, जुळवून, महिनोन् महिने वापरूनही दोन्ही कानांना शब्द ओळखता येत नसतील, तर आणखी ताकदीचे यंत्र शोधण्यापेक्षा कॉक्लिअर इम्प्लांटसाठी तपासणी करून घेणे योग्य ठरते.